इंग्लंड : इजेच्या दाव्यात सॉलिसिटर उत्तरच देत नसेल तर काय करावे?

बर्मिंगहॅमवासी (प्रश्न)

नमस्कार मंडळी. गोदामात काम करताना जमिनीवर सांडलेल्या तेलावरून घसरून माझा उजवा खांदा दुखावला. त्या अपघाताबद्दल मालकाकडून नुकसानभरपाई मिळवण्याचे काम मी सॉलिसिटरांच्या (वकिलांच्या) एका फर्मकडे ‘नो विन, नो फी’, म्हणजे दावा जिंकला तरच फी, या बोलीवर सोपवले आहे. येत्या उन्हाळ्यात अपघाताला तीन वर्षे पूर्ण होतील. वैद्यकीय तपासणी झाली, अहवाल फर्मकडे गेल्याचेही समजले, पण त्यानंतर तिकडून एक अक्षर आलेले नाही. ईमेल केला की आपोआप जाणारी पोच तेवढी येते आणि फोन केला की ‘ते मीटिंगमध्ये आहेत, निरोप देते’ एवढेच ऐकायला मिळते. हात अजून खांद्याच्या वर जात नाही, त्यामुळे जड कामे बंद आहेत आणि पगारही कमी झाला आहे. एवढा विलंब अशा दाव्यांत नेहमीचाच असतो का? सॉलिसिटर बदलावा, की थेट लीगल ऑम्बुड्समनकडे (वकिलांच्या सेवेबद्दलच्या तक्रारी पाहणाऱ्या संस्थेकडे) जावे?

लीड्सकर

मी अशा दाव्यांचे काम करणाऱ्या कार्यालयात काही वर्षे होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. काही शांतता खरोखरच नेहमीची असते. समोरच्या, म्हणजे मालकाच्या, विमा कंपनीला चौकशीसाठी मुदत मिळते आणि साध्या पूर्व-न्यायालयीन नियमावलीनुसार (न्यायालयात जाण्याआधी पाळायच्या नियमांनुसार) ती दाव्याच्या पत्राची पोच दिल्यापासून तीन महिन्यांपर्यंत असते. शिवाय खांदा कितपत बरा होणार हे स्पष्ट होण्याआधी तडजोड करू नये, असे चांगला सॉलिसिटर स्वतःच सांगतो. परंतु थांबण्याचे कारण अशिलाला कळवणे हे त्याचे कामच आहे, आणि ते त्याने केलेले नाही.

तुमच्या प्रश्नात मला सगळ्यात गंभीर वाटली ती तीन वर्षांची गोष्ट. इंग्लंड आणि वेल्समध्ये 1980 च्या मुदत कायद्यानुसार इजेचा दावा अपघातापासून, किंवा इजा झाल्याचे व ती कोणामुळे झाली हे कळल्यापासून, तीन वर्षांच्या आत न्यायालयात दाखल व्हावा लागतो. विमा कंपनीशी पत्रव्यवहार चालू आहे, तिने चूक मान्य केली आहे, वाटाघाटी सुरू आहेत, यांपैकी कशानेही ही मुदत आपोआप थांबत नाही. मुदत उलटल्यावरही दावा चालू देण्याचा अधिकार न्यायालयाला आहे, पण त्याच्या भरवशावर कोणी बसू नये.

म्हणून आजच एक छोटे पत्र लिहा, ईमेलने पाठवा आणि टपालानेही पाठवून पाठवल्याचा पुरावा ठेवा. रागाचे काही लिहू नका, नेमके विचारा : तुमच्या हिशेबाने माझ्या दाव्याची मुदत कोणत्या तारखेला संपते? दावा न्यायालयात दाखल झाला आहे का, नसल्यास केव्हा होणार? समोरच्यांनी जबाबदारी मान्य केली का? त्यांच्याकडून काही रकमेचा प्रस्ताव आला आहे का? उत्तरासाठी ठरावीक तारीख द्या. शेवटचा प्रश्न वगळू नका, कारण ‘पार्ट 36’ (दिवाणी न्यायालयाच्या नियमांतील तडजोडीच्या प्रस्तावांचा भाग) याखाली आलेल्या प्रस्तावाला साधारणतः 21 दिवसांची मुदत असते, आणि ती निघून गेल्यावर दाव्यात पुढे त्याहून अधिक मिळाले नाही तर खर्चाचा बोजा आपल्या भरपाईवर येऊ शकतो.

आणखी एक गोष्ट तपासा. अशा फर्ममध्ये फाइल पाहणारी व्यक्ती पुष्कळदा स्वतः सॉलिसिटर नसते, आणि ती नोकरी सोडून गेली की फाइल कोणाच्याच टेबलावर नसते. काम घेतल्यावर आलेल्या पहिल्या पत्रात देखरेख करणाऱ्या सॉलिसिटरचे आणि तक्रारी पाहणाऱ्याचे नाव दिलेले असते. पत्र त्या दोघांच्या नावे जाऊ द्या.

केंटवासी

माझ्या रस्ते-अपघाताच्या दाव्यात हेच घडले होते आणि मी फर्म बदलली, म्हणून त्या बाजूबद्दल लिहिते. सॉलिसिटर बदलण्याचा हक्क तुम्हाला केव्हाही आहे, पण आधी करारातील ‘करार संपवल्यास’ हे कलम शांतपणे वाचा. आपण होऊन सोडल्यास आजवरच्या कामाचे शुल्क मागण्याचा अधिकार अनेक करारांत जुन्या फर्मने राखून ठेवलेला असतो. ते शुल्क भरेपर्यंत ती कागदपत्रेही अडवून ठेवू शकते. व्यवहारात नवी फर्म बहुधा जुन्या फर्मला हमी देते की तिचा खर्च दाव्याच्या शेवटी भागवला जाईल, आणि मग फाइल सुटते. माझी तशीच सुटली, तुम्हीही नव्या सॉलिसिटरला हे पहिल्याच भेटीत विचारा. यशशुल्काला, म्हणजे दावा जिंकल्यास फर्म तुमच्या भरपाईतून घेते त्या जादा शुल्काला, मर्यादा आहे : 2013 पासून ते इजेची भरपाई आणि आजवरचे आर्थिक नुकसान यांच्या एकत्रित रकमेच्या 25 टक्क्यांहून अधिक घेता येत नाही, भविष्यातील नुकसानीच्या रकमेला तर ते लागूच होत नाही. दोन फर्म झाल्या म्हणून तुमच्या भरपाईतून दोनदा कापणी होणार नाही, हे लेखी घ्या.

मुदतीला थोडेच आठवडे उरले असतील, तर लीड्सकरांच्या पत्राच्या उत्तराची वाट न पाहता दुसऱ्या सॉलिसिटरला भेटावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

बर्मिंगहॅमवासी

दोघांचेही मनापासून आभार. पहिले पत्र शोधून काढले, त्यात तक्रारींसाठी एका भागीदाराचे नाव आहे. ऑम्बुड्समनचे मात्र अजून समजले नाही. आणि समोरच्या विमा कंपनीला मी स्वतः फोन करावा का?

लीड्सकर

विमा कंपनीला फोन करू नका. तुमचा वकील नेमलेला असताना ती तुमच्याशी सहसा बोलणार नाही, आणि बोललीच तर खांद्याबद्दल तुमच्या तोंडून निघालेले एखादे वाक्य पुढे तुमच्याविरुद्ध वापरले जाऊ शकते.

ऑम्बुड्समनकडे थेट जाता येत नाही. आधी त्या भागीदाराकडे ‘ही औपचारिक तक्रार आहे’ असे स्पष्ट लिहून तक्रार करा, मग फर्मला आठ आठवडे मिळतात. तेवढ्यात समाधान झाले नाही, किंवा अंतिम उत्तर पटले नाही, तर लीगल ऑम्बुड्समनकडे जाता येते. अंतिम उत्तरापासून सहा महिन्यांच्या आत जावे लागते, आणि एप्रिल 2023 पासूनच्या नियमाप्रमाणे फर्मच्या ज्या वागण्याबद्दल तक्रार आहे ते घडल्यापासून, किंवा ते लक्षात यायला हवे होते तेव्हापासून, एक वर्षाची मर्यादाही आहे. तक्रारदाराला शुल्क पडत नाही. फर्मला शुल्क कमी करायला, कागदपत्रे द्यायला आणि भरपाई द्यायला सांगण्याचा अधिकार त्यांना आहे. अप्रामाणिकपणाचा किंवा पैसे गायब झाल्याचा संशय असेल, तर ते प्रकरण सॉलिसिटर्स रेग्युलेशन अथॉरिटीकडे, म्हणजे सॉलिसिटरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या संस्थेकडे, जाते. फर्म अचानक बंद पडली तरी तिथेच चौकशी करावी.

ऑम्बुड्समनकडील तक्रारीने न्यायालयाची मुदत पुढे सरकत नाही, त्यामुळे तक्रार आणि मुदत ही दोन कामे वेगवेगळी धरून एकाच वेळी चालवा. फिजिओथेरपीच्या पावत्या आणि आधीच्या-आताच्या पगाराच्या स्लिपांच्या प्रती स्वतःजवळ ठेवा. फाइल कोणाकडेही गेली, तरी पहिल्या दिवशी त्याच मागितल्या जातील.