पोरांना पहिला पार्ट का नको असतो? (आखाजीला घर फुल आहे, मदत करा)

भुसावळचा_मामा
नमस्कार मंडळी. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, दोन्ही बहिणी माहेरी आल्यात, त्यांची पाच अन् आमची दोन, सात पोरं घरात. सकाळी झोका होतो, दुपारी पारा ४४ म्हणून बाहेर सोडता येत नाही, मग कूलरपुढं बसवून टीव्ही लावून द्यायचा. मी म्हटलं कार्टून पिक्चर पहिल्यापासून नीट क्रमानं दाखवू, तर एकजण ऐकेना, दुसरा नायतर तिसराच लाव म्हणे. बरं पहिला बघितलाय असंही नाही, धाकटी भाची चार वर्षांची, तिनं कधी बघितला असणार, तरी ती पण "दोन लाव दोन लाव". मोठ्यांच्या पिक्चरचा दुसरा पार्ट म्हटलं की आपण आधीच नाक मुरडतो, मग या कॉमेडी कार्टूनमध्येच असं काय असतं? आणि एखादं असं सांगा की माझी आई पण बसेल. तिला हिंदी जेमतेम, इंग्रजी नाहीच.

रावेरचा_केळीवाला
सोपं आहे भो. पहिल्या पार्टात कोण कुठला, कुणाचं कुणाशी का पटत नाही यातच अर्धा तास जातो, दुसऱ्यात डायरेक्ट दंगा. आणि हसू येतं ते माणूस माहीत असला की. आमच्या गल्लीत एक काका आहेत, पंगतीत बसले की आधी जाहीर करतात "आज मी भरिताला हात लावणार नाही", अन् मग तीनदा वाढून घेतात. नवख्याला त्यात काय, आम्ही मात्र काका पाट ओढतात तेव्हापासूनच हसायला लागतो. ती आइस एजमधली खार बघा, स्क्रॅट. २००२ पासून एकच काम, ओकचं फळ पकडायचं अन् ते निसटायचं. २००६, २००९, २०१२, २०१६, चारही पुढच्या पार्टात तेच. फळ बर्फात खुपसलं की आता बर्फ तडकणार हे पोराला ठाऊक असतं, ते तडकायच्या आधीच खिदळतं. आईला हेच लावा, खार बोलतच नाही, भाषेचा प्रश्न मिटला.

पांझरेकाठचा
उगाच तत्त्वज्ञान नको, धंदा आहे सगळा. नवीन पात्र चालेल का सांगता येत नाही, जुनं खपतंच. ते पिवळे मिनियन २०१० च्या डेस्पिकेबल मी मध्ये नुसते हरकामे होते, २०१५ ला त्यांच्या नावाचा वेगळा पिक्चर. आमच्या पोराच्या कंपासपेटीवर ते, वॉटरबॅगवर ते, आता आंघोळीच्या मगावर पण तेच. वैताग आलाय.

रावेरचा_केळीवाला
धंदा आहेच दादा, नाही कोण म्हणतं. पण टॉय स्टोरी २ चं ऐका, तो जिवंत खेळण्यांचा कार्टून पिक्चर. आधी तो नुसता व्हिडिओ कॅसेटसाठी होता, नंतर थिएटरचं ठरलं. त्यात मध्येच कुणाच्या तरी चुकीनं सर्व्हरवरनं पिक्चर डिलीट व्हायला लागला, बॅकअप पण धड नाही, टीममधल्या एक बाई लहान बाळामुळे घरून काम करायच्या, त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरवर कॉपी निघाली म्हणून निभावलं. अन् एवढं वाचवून पुढं काय, तर जमलाच नाही म्हणून जवळजवळ सगळा मोडून नऊ महिन्यांत नवा केला. १९९९ ला आला. नुसता गल्लाच बघायचा असता तर होता तसा खपवला असता की.

जळगावची_ताई
टॉय स्टोरीचं नाव काढलंत म्हणून लिहिते. १९९५ च्या पहिल्या पार्टात अँडी खेळण्यांत रमणारा पोरगा, २०१० च्या तिसऱ्यात तो कॉलेजला निघतो, आणि तिन्हींत त्याचा आवाज एकाच मुलाचा, जॉन मॉरिसचा, म्हणजे तोही दरम्यान मोठा झालेला. माझा मुलगा चार वर्षांचा असताना आम्ही तो तिसरा बघितला, तो खेळण्यांना हसत होता अन् मी त्याच्याकडे बघून हसत होते. मागच्या वर्षी तो इंजिनिअरिंगला पुण्याला गेला, मी त्याचं कपाट आवरत होते अन् टीव्हीवर नेमका तोच लागला. त्या दिवशी पोळ्या झाल्या नाहीत, खिचडी टाकली. असो. मामा, तुमच्या आईंना हा नका दाखवू, सणासुदीला रडतील.

शहाद्याचा_पाहुणा
डबिंगवर पण असतं. २००४ ला इन्क्रेडिबल्स, अचाट ताकदीच्या कुटुंबाचं कार्टून, हिंदीत "हम हैं लाजवाब" नावानं आला, बापाचा आवाज शाहरुखचा, आम्ही पोरं त्याच्यासाठीच बघायचो. दुसरा आला थेट २०१८ ला, गोष्ट मात्र पहिला जिथं संपला तिथूनच पुढं. आम्हाला दाढी-मिशा फुटल्या, त्यांचं बाळ अजून दुपट्यातच!! मामा, आईंसाठी आवाज बंद करा अन् तुम्हीच अहिराणीत बोला. मी आजीसमोर करतो, खारीच्या वतीनं "मनं फय मले दी दे रे भो" म्हटलं की आजी लोळते.

भुसावळचा_मामा
आभार सगळ्यांचे. आज आइस एजचा २००६ वाला लावला, पोरांचं ऐकून दुसराच. आई आमरसाचे आंबे पिळत बसली होती, आधी विचारते "हाऊ उंदीर शे का खार शे?" मग दहा मिनिटांत पातेलं बाजूला, हात तसेच रसाचे, अन् प्रत्येक वेळी फळ निसटलं की "त्याले भेटू द्या ना रे एकदाचं!" पोरं खारीला कमी अन् आजीला जास्त हसत होती. शेवटाला आलं अन् लाईट गेली. पोरं बोंबलत ओट्यावर पळाली, आई तशीच बसून. मला म्हणे, "याना तिसरा भाग शे का?"