मदत हवी आहे: ग्लायडरच्या पंखाला पीळ पडलाय, डी-बॉक्स बंद करताना काय चुकतंय?

नमस्कार मंडळी,

बाल्साचा (हलक्या लाकडाचा) रेडिओ कंट्रोल ग्लायडर पहिल्यांदाच प्लॅनवरून बांधतोय. पंखविस्तार २ मीटर, म्हणजे एकेक अर्धा पंख १ मीटरचा. एअरफॉइल (पंखाच्या छेदाचा आकार) क्लार्क वाय, कॉर्ड (पंखाची पुढून मागे रुंदी) मुळाशी २०० मिमी आणि टोकाशी १५०. रिब (पंखाला आकार देणाऱ्या फासळ्या) २ मिमी बाल्साच्या, स्पार (पंखाचा लांबीचा कणा) म्हणजे वर-खाली ६ × ३ मिमी स्प्रूसच्या पट्ट्या, आणि स्पारच्या पुढे वर-खाली १.५ मिमी बाल्साचं शीटिंग. स्पार आणि हे शीटिंग मिळून पुढे जी बंद नळी होते, तोच डी-बॉक्स. दोन्ही अर्धे मधोमध पितळी नळी आणि पोलादी सळईने जुळतात. मोटर नाही, फक्त शेपटीवरचे रडर (डावीउजवीकडे वळवणारा) आणि एलेव्हेटर (नाक वर-खाली करणारा).

पहिल्या दिवशी हाताने फेकून बघितला. वेगात असला की डावीकडे कलायचा. रडरला थोडा उजवीकडे ट्रिम दिला, सरळ गेला, फार आनंद झाला. मग उतरवताना वेग कमी केला आणि उजवा पंख एकदम खाली बसला. सावरायला उंचीच नव्हती. उजवं टोक आधी जमिनीला लागलं, शेवटच्या तीन रिब गेल्या.

घरी येऊन उजवा पंख फळीवर ठेवला आणि मुळाकडची बाजू दाबून धरली. टोकाशी मागची कड फळीला टेकते, पण स्पारखाली ३ मिमी फट राहते. स्पारपासून मागच्या कडेपर्यंत १०५ मिमी अंतर आहे, म्हणजे दीड अंशाहून थोडा जास्त पीळ, तोही टोकाचा पुढचा भाग वर उचलणारा. डावा पंख सपाट बसतो. दोन्ही एकाच फळीवर, एकाच पद्धतीने केले होते, म्हणून काहीच कळत नाहीये.

हत्यारं म्हणाल तर प्लायवूडची फळी, टाचण्या, कपड्यांचे चिमटे, गुण्या, कटर आणि पातळ सीए ग्लू (झटपट धरणारा सुपरग्लू). उजवा पंख नव्याने करायची तयारी आहे, पण तीच चूक पुन्हा नको. आणखी एक: शिअर वेब (वरच्या-खालच्या स्पार पट्ट्यांच्या मधले तुकडे) मी बाल्साच्या पट्टीतून लांबीला कापून लावले, म्हणजे लाकडाचे रेषे स्पारच्या दिशेने आडवे आहेत. ते चालतं का?

प्रतिसाद १

एकच विचारतो. वरचं शीट चिकटवताना पंख फळीवर टाचलेला होता का?

धागाकर्ता

नाही. खालचं शीट, रिब, स्पार सगळं फळीवर टाचून केलं. वरचं शीट लावताना लीडिंग एजला (पंखाच्या पुढच्या कडेला) चिमटे बसेनात, म्हणून टाचण्या काढल्या, पंख मांडीवर आडवा घेतला आणि चिमटे लावत लावत सीए सोडला.

प्रतिसाद १

मग पीळ तिथेच बसला. काडेपेटीचं बाहेरचं खोकं घ्या, एक कड ब्लेडने चिरा आणि दोन्ही हातांनी पिळून बघा. सहज पिळतं. आता चिरलेल्या कडेवर टेप मारून पुन्हा पिळा, हाताला फरक लगेच कळेल. तुमचा डी-बॉक्स तसाच आहे. वरचं शीट लागेपर्यंत पंख हवा तसा वळतो. शीट स्पारला आणि लीडिंग एजला दोन्हीकडे चिकटलं की नळी बंद होते, आणि त्या क्षणी पंख ज्या आकारात असेल तो आकार कायमचा. मांडीवर डावा सरळ आला हा योग होता, उजवा आला नाही. पंख फळीवरून शेवटचं शीट वाळल्यावरच उचलायचा.

दुसरं कारण ग्लू. पातळ सीए शिरला की धरतो, शीट सरकवायला वेळच मिळत नाही. या एका सांध्याला पिवळा वूड ग्लू वापरा आणि रात्रभर तसंच राहू द्या. बाकी ठिकाणी सीए खुशाल वापरा, फक्त खिडकी उघडी ठेवा, वाफ डोळ्यांना फार झोंबते.

प्रतिसाद २

वरच्यांशी सहमत. चिमटे बसत नाहीत म्हणून पंख उचलावा लागला, तर त्याचा बंदोबस्त सांगतो.

क्लार्क वायचा तळ कॉर्डच्या ३० टक्क्यांपासून मागे सपाट आहे, त्यापुढे तो लीडिंग एजकडे वर चढतो. म्हणजे स्पारच्या पुढचा तळ फळीला टेकतच नाही. ती पोकळी रिकामी ठेवून वरून दाब दिला की पुढचा भाग कमीजास्त खाली बसतो आणि प्रत्येक रिबला वेगळा बसतो. म्हणून आधी खालचं शीट मागच्या काठाने फळीवर टाचा, त्यावर स्पारची खालची पट्टी, मग रिब. त्यानंतर शीटच्या पुढच्या काठाखाली लांब पाचर सरकवायची, शीट रिबच्या तळाला टेकेपर्यंत. तुमचा पंख टोकाकडे निमुळता आहे, त्यामुळे पाचरही निमुळती तासावी लागेल. छोट्या रंध्याने दहा मिनिटांचं काम आहे.

वरच्या शीटच्या बाहेरच्या बाजूला आदल्या दिवशी ओला स्पंज फिरवा आणि ते गोल बाटलीवर गुंडाळून वाळू द्या. पूर्ण वाळलेलं, वाकलेलं शीटच लावायचं. ओलं लावलं तर वाळताना आकसतं आणि रिबच्या मध्ये खड्डे पडतात. आधी स्पारवरचा काठ चिकटवा, तो धरला की पुढे वळवून लीडिंग एजवर न्या. तिथे चिमट्याऐवजी मास्किंग टेप दर ३०-४० मिमीवर, टेपचं दुसरं टोक थेट फळीला. वरून वाळूच्या लांबट पिशव्या ठेवल्या की दाब सगळीकडे सारखा पडतो.

टाचण्या स्पारमधून आरपार मारू नका. पट्टीच्या दोन्ही बाजूंनी तिरक्या, एकमेकींना छेदणाऱ्या मारा.

शिअर वेबचे रेषे उभेच हवेत, यात तडजोड नाही. उडताना पंख वर वाकतो, वरची पट्टी दाबली जाते आणि खालची ताणली जाते, त्या दोन्हींना एकमेकींपासून ठरल्या अंतरावर धरून ठेवणं हे वेबचं काम. आडव्या रेषांचा बाल्सा त्या दाबाखाली चिरडतो किंवा रेषांवरून फाटतो. मुळाकडच्या पहिल्या काही खणांत (दोन रिबमधल्या जागांत) तर हे फार महत्त्वाचं. डाव्या पंखातही आडवेच असतील ना? तोही उघडा, कितीही जिवावर आलं तरी. दोरी लावून वर ओढायच्या आधी उघडा.

प्रतिसाद ३

नवा पंख कशाला? कव्हरिंग फिल्म (पंखावर इस्त्रीने चिकटवायचं प्लास्टिक) लावताना पंख उलटा पिळून धरायचा आणि इस्त्री फिरवायची. मी असेच दोन पंख सरळ केलेत.

प्रतिसाद १

शीटिंग नसलेल्या, नुसत्या रिबच्या पंखाला ते लागू पडतं. बंद डी-बॉक्स फिल्मच्या ताणाला दाद देत नाही. थोडा वळला तरी उन्हात फिल्म सैल पडली की परत मूळ जागी. त्यापेक्षा वरच्या शीटचा स्पारवरचा सांधा धारदार ब्लेडने टोकाकडून अर्ध्या पंखापर्यंत उकलावा, पंख फळीवर टाचून सरळ करावा आणि सांधा पुन्हा चिकटवावा. पण इथे वेबही बदलायचे आहेत आणि रिबही गेल्यात, त्यामुळे नवा बांधणंच बरं.

प्रतिसाद ४

माझं काम लाकडाचं, विमानांतलं फारसं कळत नाही. पण कुणी फळीबद्दल विचारलं नाही म्हणून लिहितो. प्लायवूडला स्वतःलाच पीळ असतो. अगदी सरळ अशा दोन अॅल्युमिनियमच्या पट्ट्या घ्या, एक फळीच्या या टोकाला आडवी, दुसरी त्या टोकाला. खाली वाकून, एक डोळा मिटून जवळच्या पट्टीच्या वरच्या कडेवरून लांबची कड बघा. दोन्ही रेघा समांतर दिसल्या तर फळी सरळ. लांबच्या पट्टीचं एक टोक जास्त वर आलेलं दिसलं, तर फळी पिळलेली. दारं-चौकटी आम्ही अशाच तपासतो. पट्ट्या जितक्या लांब तितका दोष मोठा दिसतो.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रतिसाद ४ वाचून आधी फळी तपासली. पट्ट्यांच्या रेघा समांतर नव्हत्या, डोळ्यांना स्पष्ट दिसलं! फळी जाड ब्लॉकबोर्डवर ठेवून एका कोपऱ्याखाली कागदाच्या घड्या घातल्या, रेघा जुळल्यावर स्क्रूने आवळली. आता नवा पंख सुरू करतो. सळईच्या नळ्या बसवताना काय काळजी घ्यायची?

प्रतिसाद २

एका अर्ध्यातली नळी आधी पक्की करा. सळईला मेण चोळा, म्हणजे इपॉक्सी ओघळला तरी ती अडकणार नाही. दुसऱ्या नळीसाठी ३० मिनिटांचा इपॉक्सी घ्या, ५ मिनिटांत मापं जुळवून होत नाहीत. डायहेड्रल (पंखांचा टोकाकडे वर जाणारा कोन) दर बाजूला ५ अंश असेल आणि एक अर्धा टेबलावर सपाट ठेवणार असाल, तर दुसऱ्याचं टोक १७४ मिमी उचलायचं, ८७ नाही. ८७ तेव्हाच, जेव्हा दोन्ही टोकं उचललेली असतात. इथे पुष्कळ जण चुकतात आणि अर्ध्याच डायहेड्रलचं ग्लायडर घेऊन फिरतात.

टोकाशी मागच्या कडेखाली ३ मिमीची पट्टी मुळाकडे शून्यावर येईल अशी उतरती तासून दोन्ही पंखांना सारखीच द्या. साधारण दीड अंश वॉशआउट (टोकाचा पुढचा भाग खाली ठेवणारा, मुद्दाम दिलेला पीळ) मिळेल. मग वेग कमी झाल्यावर टोकं आधी पडणार नाहीत.

धागाकर्ता

उजवा पंख झाला, वेब उभ्या रेषांचे, वॉशआउटची पट्टी घालून. वरचं शीट रात्रभर वाळूखाली होतं. सकाळी टाचण्या काढल्या, पट्टीही काढली आणि मुळाची बाजू फळीवर दाबून टोक मोजलं. स्पार फळीला टेकलेला, मागची कड बरोबर ३ मिमी वर. बोटाने टोक पिळून बघितलं, हलत नाही.

आज डावा उघडला. मुळाकडच्या दुसऱ्या खणातल्या वेबला रेषेवरून बारीक चीर गेली होती, नखाने उघडत होती. तो एकदाच हाताने फेकलेला पंख आहे. डाव्याचे सगळे वेब काढतोय. स्पारच्या पट्टीवर वाळलेला सीए राहिलाय, तो लाकूड न दुखावता खरवडायचा कसा, एवढं कुणी सांगेल का?