मदत हवी आहे : ब्रुकलिनमधील ज्यू लग्नातील आहेर, पोशाख आणि नाच

सप्रेम नमस्कार. पुढील महिन्यात न्यूयॉर्कमधील ब्रुकलिनच्या बरो पार्क भागात माझ्या मुलाच्या ज्यू सहकाऱ्याचे पारंपरिक पद्धतीचे लग्न असून, सुमारे चारशे पाहुण्यांच्या त्या सोहळ्याचे आम्हा उभयतांनाही आमंत्रण आहे. हुप्पा या छताखाली वधू वराभोवती सात फेऱ्या घालते, केतुबा हा विवाहकरार वाचला जातो आणि वराने पायाखाली काचेचा पेला फोडताच ‘माझेल तोव’ म्हणजे ‘अभिनंदन’ असा गजर होतो, एवढे मला ठाऊक आहे. (सात फेऱ्या म्हटल्यावर सप्तपदी आठवलीच.)

खरी अडचण आहेराची आहे. जीवन या अर्थाच्या हिब्रू शब्दातील अक्षरांच्या मूल्यांची बेरीज १८ होत असल्याने तेथे १८च्या पटीत रक्कम देतात. मग १८० डॉलरवर आपल्या रिवाजाप्रमाणे एक डॉलर ठेवल्यास वावगे दिसेल का? कोपराखालपर्यंत बाह्यांचे पोलके शिवले आहे, परंतु पाठ-पोट झाकण्यासाठी साडीवर शाल पुरेशी होईल का? स्त्री-पुरुषांचे नाच मधल्या आडोशामुळे वेगवेगळे होतात, तेव्हा स्त्रियांच्या फेरात आपणहून शिरावे की बोलावण्याची वाट पाहावी? कोशर या ज्यू आहारनियमांमुळे घरचे लाडू नेणार नाही. अशा लग्नाला गेलेल्यांनी कृपया कळवावे.