बाबांच्या कारखान्यातल्या जुन्या लोकांकडून आठवणी कशा काढून घ्यायच्या?

रावपुऱ्याची_लेक:
नमस्कार मंडळी. पुढच्या माघात बाबांचं सहस्रचंद्रदर्शन आहे. होम, जेवणावळ, हॉल सगळं दादा-वहिनी बघतायत, माझ्या डोक्यात वेगळंच आहे. बाबा बडोद्याच्या कलाभवनातून मेकॅनिकलचा डिप्लोमा करून बाटल्यांच्या काच कारखान्यात लागले ते तिथूनच रिटायर झाले, आधी मेंटेनन्स, मग भट्टी. आम्हा पोरांना त्यातलं काही म्हणजे काही माहीत नाही, रात्री-अपरात्री कोणीतरी बोलवायला यायचं, बाबा शर्ट घालून सायकल काढायचे आणि आई म्हणायची झोपा, भट्टीचं काहीतरी असेल. तर त्यांच्या जुन्या लोकांकडून आठवणी गोळा करून छोटी वही छापावी असं ठरवलं. व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज टाकला, उत्तरं भराभर आली पण सगळी एकाच साच्यातली, "साहेब फार शिस्तीचे, फार प्रेमळ, दीर्घायुष्य लाभो". अहो हे तर मी न भेटलेल्या माणसाबद्दलही लिहून देईन. निम्मी गुजरातीत आहेत, ती तशीच ठेवू की मराठी करून घेऊ? आणि बाबांना सध्या काही कळू द्यायचं नाहीये. कोणी असं काही केलंय का?

निवृत्त_शिफ्टवाला:
ताई, मी पण काचेतलाच, कारखाना दुसरा. "साहेब कसे होते" असं विचारलंत की माणूस निरोप समारंभातलं भाषणच देणार, दुसरं काय देईल. भट्टीचं विचारा. काचेची भट्टी एकदा पेटवली की वर्षानुवर्षं विझवत नाहीत, दिवाळी असो की संप, आत दीड हजार डिग्रीच्या वर काच वितळलेली असते आणि ती थंड होऊन आत गोठली तर भट्टीच गेली. म्हणून तुमचे बाबा रात्री धावत होते. विचारा की भट्टी नव्याने बांधली तेव्हा कोण कोण तिथेच झोपत होतं, विटा झिजून काच गळाली तेव्हा पाण्याचा पाइप पहिल्यांदा कोणी धरला (तिथे पाणी नाहीतर हवा मारून गळती जागेवरच गोठवावी लागते, लांब उभं राहून होणारं काम नाही ते), बाटलीत बुडबुडे यायला लागले की हॉट एंड (बाटली घडवणारे) आणि कोल्ड एंडवाले (थंड झालेली बाटली तपासणारे) एकमेकांना काय काय बोलायचे. असं विचारलं की साहेब आपोआप येतात त्यात. आमचे एक साहेब शर्टाच्या खिशात कोबाल्टची निळी काच रुमालात गुंडाळून ठेवायचे, मीटर काहीही दाखवो, स्वतः त्या काचेतून ज्वाळा बघितल्याशिवाय तेल कमी-जास्त करू द्यायचे नाहीत, आणि ती काच दुसऱ्या कोणाच्या हातात म्हणून द्यायचे नाहीत. प्रेमळ होते का ते आता काय सांगू, पण ही निळी काच मी विसरणार नाही.

कारेलीबागकर:
वरच्यांशी सहमत. फक्त ऑफिसर लोकांनाच मेसेज गेलाय का ते बघा, बहुतेक तसंच झालं असणार कारण नंबर त्यांचेच असतात आपल्याकडे. खरा माल फिटर, ऑपरेटर आणि मोल्ड शॉपवाल्यांकडे. आणि त्यांना फोन करू नका, आयएस मशीनवर (बाटल्या बनवणारं, कान फोडणारं मशीन) आयुष्य काढलेल्यांना कमी ऐकू येतं, फोनवर नुसतं हो हो करून ठेवून देतात. घरी जा, सकाळी, आणि जाताना एखादी जुनी बाटली न्या. मस्करी नाही करत. औषधाच्या बाटलीच्या बुडाशी कारखान्याची खूण आणि साच्याचा नंबर असतो, माझ्या सासऱ्यांच्या वेळी आम्ही अशीच एक नेली तर समोरच्या आजोबांनी आधी ती उलटी केली, बुडावरून अंगठा फिरवला आणि मग जे सुरू झाले ते चहा गार झाला तरी थांबेनात. रेकॉर्डिंग मात्र विचारून करा, काही जणांना आवडत नाही.

दांडियाबाजार_कट्टा:
गुजराती तशीच ठेवा हो! बाबांनी बडोद्यात अख्खी नोकरी गुजरातीत केली असणार, त्यांना कसलं भाषांतर. नातवंडांसाठी हवं तर खाली दोन ओळी मराठीत टाका. आणि सुरुवातीला अर्धं पान तरी बाटल्या बडोद्यातच का याच्यावर लिहा. सयाजीरावांनी १८९० मध्ये कलाभवन काढलं, तिथल्याच गज्जर मास्तरांनी अमीन आणि कोटिभास्कर यांच्याबरोबर १९०७ मध्ये अलेंबिक ही औषध कंपनी सुरू केली, पुढे साराभाई वगैरे आले, आता एवढी औषधं म्हटल्यावर ती भरायला बाटल्या नकोत का. तुमचे बाबा त्याच साखळीतले, हे त्यांच्या नातवंडांना कोण सांगणार?

मिसळ_नाही_सेवउसळ:
माझं मत जरा वेगळं. सरप्राइज वगैरे ठीक आहे पण छापायच्या आधी बाबांना एकदा दाखवाच. कारखान्यात अपघात झालेले असतात, भांडणं असतात, कोणाची तरी नोकरी गेलेली असते, एखादे काका बोलता बोलता सांगून जातील आणि बाबांना ते पंगतीत सगळ्यांसमोर वाचायला लागेल. शिवाय ते चुका काढतील आणि चुका काढताना स्वतःच बोलायला लागतील, ते तर सगळ्यात भारी.

रावपुऱ्याची_लेक:
सगळ्यांना खूप थँक्स! बाटलीची आयडिया काम करून गेली. माळ्यावर खोकल्याच्या औषधाची एक जुनी सापडली, ती घेऊन रविवारी वाघोडिया रोडला एका फिटरकाकांकडे गेले. ते म्हणाले की भट्टीत ज्वाळा एकदा डावीकडून एकदा उजवीकडून, दर वीसेक मिनिटांनी बाजू बदलते, म्हणजे एका बाजूच्या विटा तापत असतात तोवर दुसऱ्या बाजूच्या तापलेल्या विटांवरून हवा आत येते. तर एका रात्री ती बाजू बदलणारी मोटरच जळाली आणि नवीन येईपर्यंत बाबा आणि हे दोघं चेन लावून हातानेच फिरवत बसले. मधल्या वेळात झोप लागू नये म्हणून बाबा मोठ्याने पावकी-निमकी (पाव-अर्ध्याचे पाढे) म्हणायला लागले, मग काकांनी त्यांचे गुजराती पाया-अर्धा काढले, आणि बाबांची औटकी (साडेतीनचा पाढा) विरुद्ध काकांचे ऊंठा अशी सकाळपर्यंत मारामारी. काका अजून म्हणतात की साहेब सात औटंला अडकले होते. बाबांना हे विचारायची सोय नाही सध्या :)

दाखवायचं मात्र पटलंय, पक्कं प्रूफ झालं की देणार त्यांच्या हातात. आता अशा भट्टीची साधी आकृती कोणी काढून देईल का, हाताने काढलेली चालेल, काकांनी मला कागदावर काढून दिलीय पण त्यात आतली बाजू कुठली आणि बाहेरची कुठली तेच मला कळत नाहीये.