आगाऊ पैसे मागणं म्हणजे भीक नाही

लोपास
जुन्या सिंथच्या (सिंथेसायझरच्या) अपग्रेड बोर्डांवरून चाललेल्या चर्चेत परवा एकाने ठासून लिहिलं, "ज्याला बोर्ड बनवायचाय त्याने स्वतःच्या खिशातून बनवावा आणि तयार झाल्यावर विकावा. आधी पैसे मागणं ही भीक आहे." हे वाचून राहवलं नाही, म्हणून वेगळा धागा काढतोय.

रोलँडचा ज्युनो-१०६ सिंथ घ्या. १९८४ चं वाद्य. सहा आवाज, म्हणजे एका वेळी सहा सूर, आणि प्रत्येक आवाजाला ८००१७ए नावाचं एक मॉड्यूल. फिल्टर आणि व्हीसीए (आवाज लहान-मोठा करणारा भाग) त्या एकाच मॉड्यूलमध्ये, वरून रेझिनचा थर. तो थरच कालांतराने घात करतो. ट्रान्सपोझचं बटण दाबून पॉवर लावा, टेस्ट मोडमध्ये एकेक आवाज तपासा. चार गातात, एक खरखरतो, एक मुकाच. आता याला बदली मॉड्यूल कुणी बनवायचं म्हटलं तर डिझाइन, दोन-तीन फसलेले प्रोटोटाइप, स्टेन्सिल, असेंब्लीचा सेटअप हा खर्च ठरलेलाच. पन्नास नग काढा नाहीतर पाच हजार, तो तेवढाच राहतो. त्यात सुटे भाग घ्यायचे तर अख्खं रील घ्यावं लागतं. एकट्या माणसाने घरचे पैसे घालून हे का करावं? ज्यांना वाद्य वाजतं हवंय त्यांनीच लॉटला हातभार लावायचा. यात भीक कुठे आली?

ऑसिलेटर
तो "एक" म्हणजे मी. आणि शब्द मागे घेत नाही.

सीईएम३३४० चं काय झालं आठवा. प्रॉफेट-५ सिंथच्या तिसऱ्या आवृत्तीतला ऑसिलेटर चिप, म्हणजे मूळ सूर निर्माण करणारा; उत्पादन बंद पडलं होतं, २०१६ मध्ये मूळ कंपनी कर्टिसनेच परत आणला. माझ्याकडून कुणी आगाऊ पैसे मागितले नाहीत. माल तयार होता, घेतला, चालला.

उलट अनुभवही आहे. एका सँप्लरच्या (रेकॉर्ड केलेले आवाज वाजवणाऱ्या यंत्राच्या) डिस्प्ले बोर्डासाठी पैसे भरले होते. २०२१ च्या चिप टंचाईत मायक्रोकंट्रोलर मिळेना, हे मलाही कळत होतं. पण वर्ष उलटून गेलं तरी "लवकरच" याशिवाय एक ओळ नाही. पैसे परत मागितले तर मीच उतावळा ठरलो. तेव्हापासून आधी माल, मग दाम.

लोपास
उदाहरणच चुकीचं निवडलंत. ३३४० हा कुठल्याही सिंथमध्ये बसणारा ऑसिलेटर. सुटे भाग जोडून मॉड्युलर सिंथ बनवणारे घेतात, नवे सिंथ बनवणारे घेतात, २०२० च्या नव्या प्रॉफेट-५ मध्येही तो आहे. त्याला बाजार आहे. ८००१७ए ला ज्युनो आणि त्याची एखाद-दोन भावंडं सोडली तर गिऱ्हाईक कोण?

यामाहाच्या डीएक्स७ सिंथला ग्रे मॅटर कंपनीचा 'ई!' नावाचा बोर्ड १९८० च्या दशकातच मिळत होता. वाद्यात साठवता येणारे तयार ध्वनी फक्त ३२, ही अडचण ओळखून काढलेला. तेव्हा डीएक्स७ धडाधड खपत होता, म्हणून कंपनीला स्वतःचे पैसे लावणं परवडलं. आज उरलेत मोजके मालक, तेही विखुरलेले.

सोल्डरची वाफ
तुमचं चालू द्या, पण एरवी लोक पैसे नेमके कशाला गोळा करतात? रंगीत डिस्प्लेला! मी दुरुस्तीचं काम करतो. कॉर्गचा पॉलिसिक्स सिंथ उघडला की केएलएम-३६७ बोर्डावर बॅटरी गळून पांढरट-हिरवा थर चढलेला असतो. व्हिनेगरने तो निष्प्रभ करा, घासा, की खालचे ट्रॅक कुरतडलेले दिसतात. मग एकेक तार टाकून जोडत बसा. बॅटरी वेळेत काढली असती तर यातलं काही झालं नसतं. पण तेव्हा कुणी पुढे येत नाही. आवाज मेल्यावर यायचं, आणि यायचं ते निळा डिस्प्ले मागायला.

खुलं सर्किट
बॅटरीचं पटलं, +१. पण खरा प्रश्न कुणी विचारतच नाहीये. आगाऊ पैसे द्यायला माझी ना नाही, पण बोर्डाच्या डिझाइनच्या आणि प्रोग्रॅमच्या फाइल्स सगळ्यांना खुल्या हव्यात. गोटेक बघा. औद्योगिक मशीनांच्या फ्लॉपी ड्राइव्हची जागा घ्यायला बनलेली वस्तू. तिच्यावर फ्लॅशफ्लॉपी हा फुकटचा, खुला फर्मवेअर (चिपमधला प्रोग्रॅम) चढवला आणि फ्लॉपीवर चालणारे कितीतरी सँप्लर जिवंत राहिले. कुणी काम सोडून गेलं तरी दुसऱ्याला ते पुढे नेता येतं.

बोर्डवाला
आता मला बोलावंच लागेल, कारण मी असे बोर्ड बनवतो. फाइल्स खुल्या करा म्हणणं सोपं आहे. मी एकदा केल्या. कुणीतरी हलके कपॅसिटर घालून तोच बोर्ड विकला आणि बिघडल्यावर लोक माझ्याकडे आले. रात्री-अपरात्री मदत मी करायची आणि नफा त्याने खायचा. आधी हे सोसून बघा, मग तत्त्वं सांगा.

खुलं सर्किट
सोसलंय. माझ्या मिराज सँप्लरमधला बोर्ड. मिराजला सुरू व्हायलाच डिस्कवरून ओएस वाचावी लागते, हे तुम्हाला सांगायला नको. बोर्डचा फर्मवेअर कुलूपबंद, बनवणाऱ्याने पत्ता लागू दिला नाही, एक बग आजही तसाच. यंत्र धडधाकट आहे, अडलंय ते फक्त तुमच्यासारख्यांच्या कुलपामुळे.

बोर्डवाला
"तुमच्यासारख्यांच्या" म्हणजे? मी आजवर एका माणसाचा पैसा बुडवलेला नाही. शब्द जपून वापरा.

खुलं सर्किट
"तुमच्यासारख्यांच्या" हा शब्द मागे घेतो. मुद्दा मागे घेत नाही. तुम्ही उद्या आजारी पडलात तर तुमच्या गिऱ्हाइकांनी काय करायचं? याचं उत्तर द्या.

सोल्डरची वाफ
याला उत्तर हवंच. माझ्या टेबलावर असे अनाथ बोर्ड येतात. सर्किटची आकृती नाही, चिपवरचा नंबर खरवडून टाकलेला. मी तो बोर्ड काढून ठेवतो आणि मूळ भाग परत लावतो. आता नंबर खरवडणं कुणाच्या फायद्याचं?

बोर्डवाला
नंबर मी खरवडत नाही. आकृती द्यायला तयार आहे, दुरुस्तीपुरती. फर्मवेअरचा सोर्स (मूळ कोड) आज देणार नाही. फार तर दोन विश्वासू दुरुस्तीवाल्यांकडे ठेवेन. मी बनवणं थांबवलं की त्यांनी तो सगळ्यांना द्यावा. यापुढे एक पाऊल नाही.

ऑसिलेटर
फाइल्सवरून भांडून झालं असेल तर पैशांकडे वळू या. लोपास, ८००१७ए ला बाजार नाही हे मान्य. नाइलाजाने मान्य. पण मग अट अशी: आधी प्रोटोटाइप खऱ्या ज्युनोत बसवून सहाही आवाज टेस्ट मोडमध्ये एकेक करून ऐकवा. त्यानंतरच पैसे घ्या, आणि तेही सुट्या भागांपुरतेच. मेहनतीचे पैसे माल हातात पडल्यावर. आणि भाग मिळत नसतील तर दर महिन्याला तसं लिहा.

लोपास
सुट्या भागांपुरते का? सेटअपचा खर्च कोण भरणार?

ऑसिलेटर
बरं, सेटअपही धरा. मेहनत नाही.

बोर्डवाला
चालेल. महिन्याचं लिहिणंही कबूल. प्रोटोटाइप तयार आहे, पण माझ्याकडे ज्युनो एकच. दुसऱ्या कुणाच्या यंत्रात बसवून बघायला मिळाला तर आधी ते करतो, लॉट नंतर.