मदत हवी आहे: थंडीत तिळगुळाचे लाडू वळेपर्यंत पाक आळतो
संक्रांतीला परदेशातल्या वसतिगृहात तिळगूळ वाटायचा आहे. प्रमाण: २५० ग्रॅम तीळ, २०० ग्रॅम गूळ, १०० ग्रॅम दाण्याचं कूट, चमचाभर तूप. तीळ तडतडेपर्यंतच भाजायचे. करपले तर कडवट होतात, शिवाय धुराचा अलार्म वाजतो. पाकाच्या थेंबाची गार पाण्यात मऊ गोळी झाली की आच बंद.

अडचण पुढे आहे. स्वयंपाकघर गारठलेलं, त्यामुळे आठ-दहा लाडू वळेपर्यंत उरलेलं मिश्रण कढईला घट्ट धरतं. परत तापवलं तर पाक पुढे जातो आणि लाडू दाताने फुटत नाही. कढई उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर ठेवून वळावेत का, की वाफेने चिकट होतील? चिक्कीचा गूळ मिळत नाही, साधाच आहे. त्याचा पाक किती ठेवावा? वड्या थापणं सोपं, पण "गोड बोला" म्हणताना हातावर लाडूच ठेवायचा आहे.