मदत हवी आहे: डायलॉग मुख्य खिडकीच्या मागे जातोय, काट्यावर रांग लागलीय

काटा_चिकोडी (सकाळी ९:४०)
वजनकाट्याचं सॉफ्टवेअर आहे. वजन स्थिर झालं की गाडी नंबर विचारणारा डायलॉग उघडतो. कधी कधी तो मुख्य खिडकीच्या मागे जातो. काट्यावरच्या पोराला वाटतं हँग झालं, तो टास्क मॅनेजरमधून बंद करतो आणि पावती जाते. शोडायलॉगच वापरलंय (तो बंद होईपर्यंत मागची खिडकी अडवणारा, म्हणजे मोडल), साधा शो नाही. उसाचा हंगाम चालू आहे, बाहेर ट्रॅक्टर उभे आहेत. लवकर सांगा.

खानापूर_कोडर (९:४८)
कशात लिहिलंय? विनफॉर्म्स, डब्ल्यूपीएफ, जावा, पायथन? शोडायलॉगला मालक खिडकी (डायलॉग जिच्या वर राहायचा ती) दिलीय का, का कंस रिकामाच आहे?

निपाणी_नेटवर्क (९:५१)
दोन मिनिटांचं काम आहे. डायलॉगच्या प्रॉपर्टीत टॉपमोस्ट ट्रू करा. मागे जायचा प्रश्नच मिटला.

संकेश्वर७७ (९:५५)
टॉपमोस्ट करू नका वो. टॉपमोस्ट म्हणजे सगळ्या प्रोग्रामांच्या वर. प्रिंटरचा कागद संपल्याची सूचना आली तर ती त्याच्या खाली दडणार. आणि टॉपमोस्ट असलेली खिडकी मोडल होते असं थोडंच आहे? दोन्ही वेगळ्या गोष्टी. मोडल म्हणजे खालच्या खिडकीत क्लिक चालता कामा नये, नुसतं वर तरंगून काय उपयोग.

निपाणी_नेटवर्क (९:५७)
त्यांना रांग हलवायचीय, तुम्ही व्याख्या शिकवालाय.

काटा_चिकोडी (१०:०३)
सी शार्प, विनफॉर्म्स, डॉटनेट फ्रेमवर्क ४.८. कंस रिकामा आहे. धिस (म्हणजे हीच मुख्य खिडकी) द्यायचं का? टॉपमोस्ट केलो होतो मागच्या आठवड्यात. डायलॉग वर राहिला, पण "हँग" तसंच.

पायथन_गोकाक (१०:०६)
क्यूटी (खिडक्या बनवायची लायब्ररी) वापरत असाल तर एक्झेक टाळा, ओपन वापरा आणि उत्तर सिग्नलवर घ्या. एक्झेकने आत दुसरा इव्हेंट लूप सुरू होतो, त्यात डायलॉगचा मालकच कुणी बंद केला तर गोंधळ होतो. टीकेइंटर असेल तर ट्रान्झिएंट, ग्रॅबसेट, वेटविंडो, या क्रमाने.

संकेश्वर७७ (१०:०७)
त्यांनी विनफॉर्म्स सांगून चार मिनिटं झाली.

हुक्केरी_थ्रेड (१०:१५)
काटा_चिकोडी, उपाय नंतर, आधी एक तपासणी करा. डायलॉग मागे गेला की मुख्य खिडकीतल्या कुठल्याही बटणावर क्लिक करा. "टिंग" असा आवाज येऊन काहीच होत नाही, का बटण नेहमीसारखं दाबलं जातं?

टिंग आलं तर डायलॉग खरंच मोडल आहे, फक्त मालक चुकलाय. बटण चाललं तर तुमचा डायलॉग दुसऱ्याच थ्रेडवर (प्रोग्रामच्या समांतर चालणाऱ्या दुसऱ्या धाग्यावर) उघडतोय. शोडायलॉग स्वतःच्या थ्रेडवरच्या खिडक्याच अडवतो, दुसऱ्या थ्रेडवरच्या नाही. तसं असेल तर टॉपमोस्ट काय, नि धिस काय.

वजन पीसीवर कसं येतं? सीरियल पोर्ट? डायलॉग उघडायची ओळ नेमकी कुठल्या फंक्शनात आहे?

काटा_चिकोडी (१०:३१)
टिंग नाही. बटणं चालतात. पण स्क्रीनवरचं वजन एका आकड्यावर थांबतं, म्हणून पोरगा हँग म्हणतो. सीरियल पोर्ट, ९६०० बॉड. पोर्टवर डेटा आला की चालणाऱ्या डेटारिसीव्हड इव्हेंटमध्येच लेबलला वजन लावतो, सलग ५ वेळा तोच आकडा आला की तिथूनच डायलॉग.

खानापूर_कोडर (१०:३४)
डेटारिसीव्हड मधून लेबलला हात लावता आणि क्रॉस थ्रेडची एरर येत नाही? फॉर्म लोडमध्ये चेकफॉरइल्लीगलक्रॉसथ्रेडकॉल्स फॉल्स अशी, ती तपासणीच बंद करणारी ओळ टाकलीय का?

काटा_चिकोडी (१०:३६)
होय, आहे. त्याशिवाय एफ५ दाबून (डीबगरमध्ये) चालवलं की एरर येत होती. एक्सई सरळ चालवली तर येत नव्हती.

हुक्केरी_थ्रेड (१०:५२)
सापडलं. फोनवरून लिहितोय, कीबोर्ड मराठीच आहे, कोडची नावं तेवढी समजून घ्या.

ती तपासणी डीबगर जोडलेला असेल तरच डिफॉल्टने चालू असते, म्हणून एफ५ ला एरर आणि एक्सईला शांतता. तुम्ही आजार ठेवून थर्मामीटर फोडला.

डेटारिसीव्हड मुख्य थ्रेडवर येतच नाही, थ्रेडपूलच्या थ्रेडवर येतो. तिथे रिकाम्या कंसाने शोडायलॉग केलं की तो "आपल्या थ्रेडवरची सक्रिय खिडकी" मालक म्हणून शोधतो. त्या थ्रेडवर खिडकीच नाही, म्हणून डायलॉग बिनमालकाचा. मुख्य खिडकीवर क्लिक केलं की ती पुढे आणि डायलॉग मागे.

वजन थांबतं ते यामुळे: डायलॉग बंद होईपर्यंत इव्हेंटचं फंक्शन परतत नाही, आणि ते परतत नाही तोवर पोर्टचा पुढचा डेटारिसीव्हड तुमच्या कोडपर्यंत पोचत नाही. काट्याचा इंडिकेटर मात्र वजनाच्या ओळी पाठवतच असतो, त्या बफरात (तात्पुरत्या साठ्यात) साठतात. बफर डिफॉल्टने ४०९६ बाइट. समजा १० बाइटची ओळ, सेकंदाला १० ओळी, तर साधारण ४० सेकंदांत भरला. पोरगं नंबर टाईप करेपर्यंत सगळं शिळं वजन आत. आणि इव्हेंटला एकदाच रीडलाइन करत (एकच ओळ वाचत) असाल तर ती शिल्लक लवकर संपत नाही.

काटा_चिकोडी (१०:५८)
रीडलाइन एकदाच आहे. मग हेच कारण असेल: कधी कधी आधीच्या गाडीचं वजन पुढच्या गाडीला लागतं. तो वेगळा बग आहे समजून लिहिलो नाही.

संकेश्वर७७ (११:००)
अहो, पहिलं तेच लिहायचं! डायलॉग मागे गेला तर पावती परत काढता येते. शेतकऱ्याच्या उसाचं वजन चुकलं तर काय करणार?

जुना_व्हीबीवाला (११:०४)
व्हीबी ६ मध्ये हा तापच नव्हता. एमएसकॉमचा ऑनकॉम मुख्य थ्रेडवरच यायचा, फॉर्म.शो व्हीबीमोडल लिहिलं की झालं. पुढं नेलं म्हणून सांगतात, गाडी घाटात मागेच सरकालीय.

हुक्केरी_थ्रेड (११:२६)
काका, खरं आहे तुमचं, पण आता परत जाता येत नाही. काटा_चिकोडी, बदल असे करा.

ती फॉल्सवाली ओळ आधी काढून टाका. डेटारिसीव्हड मध्ये बफरात जेवढ्या पूर्ण ओळी असतील तेवढ्या वाचायच्या, शेवटचा आकडा घ्यायचा आणि बिगिनइन्व्होकने मुख्य फॉर्मच्या "वजनआलं" या फंक्शनाला द्यायचा. बस्स. लेबल, स्थिर आहे का ते बघणं, डायलॉग, सगळं त्या फंक्शनात. इन्व्होक नको, बिगिनइन्व्होकच, तो काम मुख्य थ्रेडकडे सोपवून लगेच परततो. इन्व्होक मुख्य थ्रेडची वाट बघत बसतो, आणि त्याच वेळी फॉर्म बंद करताना तुम्ही मुख्य थ्रेडवर पोर्ट.क्लोज केलं तर तो इव्हेंट संपायची वाट बघतो. दोघं एकमेकांच्या तोंडाकडं बघत बसतात. तेव्हा मात्र खराखुरा हँग.

आता यातली खरी मेख. मोडल डायलॉग उघडा असताना मेसेज लूप चालूच असतो, म्हणजे "वजनआलं" येतच राहतं. ते चांगलं आहे, लेबल हलत राहतं. पण गाडी काट्यावरच उभी, वजन स्थिर, म्हणजे पाच ओळींनी आणखी एक डायलॉग. म्हणून एक बूल (ट्रू किंवा फॉल्स धरणारी खूण) ठेवा, "डायलॉगउघडा". तो ट्रू असेल तर लेबल लावून परत फिरायचं. उघडण्याआधी ट्रू, आणि फॉल्स करायचा तो फायनलीमध्ये (एरर आली तरी चालणाऱ्या भागात), नाहीतर सेव्ह करताना एरर आली की तो कायमचा ट्रू राहील आणि पुढची एकही गाडी घेणार नाही.

उघडताना युझिंग (व्हार एफ = न्यू गाडीफॉर्म(वजन)), मग एफ.शोडायलॉग(धिस). युझिंग हवंच. शोडायलॉगने उघडलेला फॉर्म फुलीने बंद केला तरी नुसता लपतो, डिस्पोज होत नाही, म्हणजे मेमरी सोडत नाही. दिवसभरात पाचशे गाड्या म्हणजे पाचशे लपलेले फॉर्म. वजन कन्स्ट्रक्टरमधून आत द्या. ओके दाबल्यावर लेबलवरून वाचू नका, तोवर गाडी खाली उतरायला लागलेली असेल.

पायथन_गोकाक (११:३३)
ओके दाबल्या दाबल्या गाडी अजून काट्यावरच असेल ना? परत स्थिर, परत डायलॉग.

हुक्केरी_थ्रेड (११:३८)
बरोबर पकडलंत. दुसरा बूल लागेल, "पुढचीगाडीघ्या". डायलॉग उघडला की फॉल्स, वजन १०० किलोच्या खाली गेलं की ट्रू. अगदी शून्यावर अडवू नका. काट्यावर चिखल, पाचट पडलेलं असतं, शून्य येतच नाही.

निपाणी_नेटवर्क (११:४१)
एवढं करण्यापेक्षा डायलॉगच काढा. मुख्य खिडकीतच उजवीकडे पॅनेल ठेवा, गाडी नंबर आणि "पावती" बटण. मोडलचा त्रासच नको.

संकेश्वर७७ (११:४४)
हे मात्र पटलं. पण थ्रेडची भानगड पॅनेललाही लागणारच, ती आधी सुधारा. आणि पॅनेलमध्ये पोरगा नंबर न घालता पुढची गाडी घेईल. मोडलचा एवढा एक फायदा, तो अडवतो.

खानापूर_कोडर (११:५०)
अडवायचं असेल तर ओके बटणाच्या क्लिकमध्ये नंबर रिकामा असल्यास धिस.डायलॉगरिझल्ट नन करा, म्हणजे डायलॉग बंद होत नाही. बारकोडचं टोकन वाचत असाल तर स्कॅनर शेवटी एंटर मारतो, आणि ॲक्सेप्टबटन लावलेलं असेल तर तो एंटर ओके दाबतो. ड्रायव्हरचं नाव भरायच्या आत डायलॉग गायब. ॲक्सेप्टबटन काढा, किंवा स्कॅनरच्या सेटिंगमध्ये एंटरच्या जागी टॅब करा. फुलीने बंद केलं तर कॅन्सल परत येतं, तेव्हा काय करायचं तेही ठरवा. मी तर तिथं कंट्रोलबॉक्स फॉल्स करतो.

अथणी_प्रिंट (१२:०५)
विषय निघालाच आहे तर, मेसेजबॉक्सवरचं येस नो कन्नड किंवा मराठीत कसं करायचं?

हुक्केरी_थ्रेड (१२:११)
मेसेजबॉक्सची बटणं विंडोजच्या भाषेत येतात, कोडमधून सहज बदलत नाहीत. स्वतःचा छोटा फॉर्म करा. कन्नड आणि मराठी दोन्ही एकाच फॉर्मवर हवं तर फॉन्ट निर्मला यूआय, विंडोज ८ पासून सोबत येतो. विंडोज ७ वर मराठीला मंगल आणि कन्नडला तुंगा, वेगवेगळी लेबलं करून.

अथणी_प्रिंट (१२:१४)
आणि पावती? डॉट मॅट्रिक्स आहे.

जुना_व्हीबीवाला (१२:१६)
पावती कुठल्या भाषेत छापायची हा प्रश्न इथे सुटायचा नाही गा. काढलात तर दोनशे प्रतिसाद होतील.

संकेश्वर७७ (१२:१९)
भाषा कुठलीही असो, टेक्स्ट मोडला दोन्ही यायच्या नाहीत. ग्राफिक्स मोडला येतात, पण हळू. नाव तेवढं ग्राफिक्समध्ये, आकडे टेक्स्टमध्ये, असं मधलं काहीतरी बघा. पुढचं वेगळ्या धाग्यात विचारा.

काटा_चिकोडी (दुपारी ३:५०)
केलो. डायलॉग मागे जात नाही, मुख्य खिडकीवर क्लिक केलं की टिंग येतं. वजन हलतं. ४१ गाड्या झाल्या, दुबार पावती नाही. फॉर्म बंद करताना मात्र एकदा इनव्हॅलिड ऑपरेशन आलं, बिगिनइन्व्होकच्या ओळीवर.

हुक्केरी_थ्रेड (४:०२)
फॉर्म गेल्यावर उरलेली एक ओळ आली. फॉर्मक्लोजिंगमध्ये आधी इव्हेंट मायनस-इक्वल करून तोडा, मग पोर्ट.क्लोज. आणि बिगिनइन्व्होकच्या आधी इझहँडलक्रिएटेड बघा. त्यातूनही क्वचित निसटतं, म्हणून त्या एका ओळीला ट्राय-कॅच ठेवा. आजच्या आधीच्या पावत्यांत लागोपाठच्या दोन गाड्यांचं वजन किलोपर्यंत सारखं आहे का ते डेटाबेसात शोधा. सापडतील.

काटा_चिकोडी (४:४०)
सापडल्या. १४.

नवा_सदस्य_बेळगाव (रात्री ९:१५)
डायलॉग मागे गेला तर ऑल्ट टॅब दाबा.